फ्रान्समधलं छोटं शेतकरी गाव नीट बघायचं असेल तर

फ्रान्सला जाणाऱ्यांचे प्लॅन बघितले की जीव तुटतो. पॅरिस चार दिवस, नीस दोन दिवस, मधे एखादा किल्ला, आणि ट्रेनच्या खिडकीतून जी शेकडो गावं सरकत जातात, दगडी मनोरा, भोवती कौलारू छपरं, पलीकडे गव्हाची शेतं, त्यातल्या एकाही गावात कोणी उतरत नाही. मला विचाराल तर खरा फ्रान्स तिथे आहे आणि तो बघायला पैसे फार लागत नाहीत, वेळ लागतो आणि थोडी तयारी लागते. ती तयारी कशी करायची, गावात गेल्यावर काय बघायचं, कोणाशी कसं बोलायचं, हे सगळं सविस्तर लिहितोय कारण असलं कोणी मराठीत लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

आधी एक अंदाज देतो. फ्रान्समध्ये जवळपास ३५,००० कम्यून आहेत. कम्यून म्हणजे तिथली ग्रामपंचायत म्हणा, पण ५० माणसांच्या वाडीपासून पॅरिसपर्यंत सगळ्यांना शब्द तोच, प्रत्येकाला स्वतःचा मेयर आणि स्वतःची कौन्सिल, आणि ही रचना १७८९ च्या डिसेंबरमधल्या कायद्यापासून चालत आलीय. त्यातल्या अर्ध्याहून जास्त कम्यूनमध्ये ५०० माणसंसुद्धा राहत नाहीत. म्हणजे निवडायला गावं भरपूर आहेत.

माझं म्हणणं एकच आहे, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. शेतकरी गावाचा वारसा बघायचा तर सुरुवात चर्चपासून किंवा जमीनदाराच्या वाड्यापासून करायची नाही, शेतांपासून करायची. पाव भाजायची भट्टी, धुणं धुवायची जागा, कबुतरखाना, गोठे, अगदी चर्चची घंटासुद्धा त्या जमिनीवर काय पिकत होतं आणि ते कोणाच्या घरात जात होतं यावर ठरलेलं असतं. जमीन कळली की बाकीचं पटापट उलगडत जातं.

गाव कुठलं निवडायचं

"फ्रान्सची सर्वात सुंदर गावं" अशी एक अधिकृत संघटना आहे, १९८२ मध्ये कोरेझ भागातल्या कोलोंज-ला-रूज या लाल दगडाच्या गावात सुरू झाली, त्यात यायला लोकसंख्या २,००० च्या आत लागते आणि सरकारी संरक्षण असलेल्या किमान दोन जागा किंवा वास्तू लागतात. ही गावं खरंच सुंदर आहेत, एखादं जरूर बघा, पण उन्हाळ्यात तिथे साबणाची आणि आइस्क्रीमची दुकानं जास्त आणि ट्रॅक्टर कमी दिसतात. आपल्याला शेती जिवंत असलेलं गाव पाहिजे. त्यासाठी नकाशावर साध्या गोष्टी बघायच्या, गावात शाळा चालू आहे का, सहकारी डेअरी किंवा धान्याची कोठारं आहेत का, निदान एखादा कॅफे आहे का. हे सापडणं वर्षागणिक अवघड होत चाललंय हेही खरं, १९७० मध्ये फ्रान्समध्ये १६ लाखांच्या आसपास शेतं चालत होती, २०२० च्या शेती गणनेत ती ३ लाख ९० हजारांवर आली. म्हणजे बऱ्याच गावात आता दोन-तीनच शेतकरी कुटुंबं उरलीयत आणि तीच सगळी शिवारं कसतात.

भागही विचार करून निवडा कारण प्रत्येक भागाचा वारसा त्याच्या शेतीप्रमाणे वेगळा. गायी आणि चीज यात रस असेल तर ज्युरा किंवा ओब्राक, दगडी बांध आणि मेंढ्या बघायच्या तर कोस आणि सेवेन, हा सगळा पट्टा २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत आला आणि तोही तिथल्या मेंढपाळीसाठी. कबुतरखाने हवेत तर केर्सी. धुण्याचे घाट सगळीकडे आहेत पण बरगंडीतले बघण्यासारखे. आणि ज्यांना शेतीची जुनी अवजारंच ओळखता येणार नाहीत असं वाटतं त्यांनी आधी एखाद्या इकोम्युझियममध्ये, म्हणजे जुनं गाव जसंच्या तसं दाखवणाऱ्या उघड्यावरच्या संग्रहालयात, एक दिवस घालवा, आल्सासमध्ये उंगर्सहाइमला आहे, किंवा लांद भागात मार्केझला, तिथे साब्र गावातून छोट्या ट्रेननेच जावं लागतं आणि पाइनची जंगलं लावायच्या आधी उंच काठ्यांवर चालणारे मेंढपाळ कसे राहायचे ते नीट समजतं.

जायच्या आधी कॉम्प्युटरवर दोन संध्याकाळी

हा भाग टाळू नका, खरी मजा इथेच सुरू होते. फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेची साइट आहे (आधी जिओपोर्ताय, आता तिची जागा cartes.gouv.fr घेतेय), फुकट आहे, त्यावर गावाचं नाव टाका. एकावर एक थर लावता येतात, आजचा नकाशा, १९५० च्या दशकातले विमानातून काढलेले फोटो, आणि सगळ्यात खाली १८ व्या शतकातला कासिनीचा नकाशा, ज्यात संपूर्ण देश पहिल्यांदा शास्त्रशुद्ध मोजून काढला होता आणि ज्यात प्रत्येक पाणचक्की, पवनचक्की, चर्च स्वतंत्र चिन्हाने दाखवलंय. आधी कासिनी बघा, नदीकाठी चक्क्या किती होत्या मोजा. मग १९५० चा फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवा.

फरक बघून धक्का बसतो. जुन्या फोटोत, खास करून पश्चिमेकडच्या भागात, शेतं म्हणजे छोटे छोटे तुकडे आणि प्रत्येकाभोवती झाडाझुडपांचं कुंपण, याला तिकडे बोकाज म्हणतात. आजच्या फोटोत तीच जागा मोठमोठ्या सपाट पट्ट्यांची. मधे काय झालं तर रमांब्रमां, म्हणजे जमीन एकत्रीकरण, कायदा १९४१ चा पण खरा जोर १९६० आणि ७० च्या दशकात, ट्रॅक्टर फिरायला जागा पाहिजे म्हणून विखुरलेले तुकडे एकत्र केले, बांध फोडले, कुंपणं उपटली. १९५० पासून देशातली सुमारे ७० टक्के कुंपणं गेली असं मानतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना हा विषय जपून काढा, कारण त्या वाटपात कोणाला चांगली जमीन मिळाली आणि कोणाला दलदल, यावरून भाऊ भावाशी बोलत नाही अशी घरं अजून आहेत.

दुसरी संध्याकाळ कादास्त्रसाठी. १८०७ च्या कायद्याने नेपोलियनने देशभर जमीन मोजणी सुरू केली, १८५० च्या आसपास ती पूर्ण झाली, आणि प्रत्येक कम्यूनचे ते रंगवलेले नकाशे आज त्या त्या जिल्हा अभिलेखागाराच्या साइटवर बघायला मिळतात. घरं बहुतेक गुलाबी, पाणी निळं, प्रत्येक तुकड्याला नंबर. नकाशासोबत एक वही असते, त्यात नंबरनिहाय मालक कोण, जमिनीत काय, किती, कुठल्या प्रतीची. आपल्या सातबाऱ्याची सवय असलेल्या माणसाला ती वही वाचायला अजिबात अवघड जात नाही, भाषा येत नसली तरी दहा-बारा शब्द शिकलात की काम होतं, शाम्प म्हणजे शेत, प्रे म्हणजे गवताचं कुरण, विन्य म्हणजे द्राक्षमळा, ब्वा म्हणजे झाडी, जार्दां म्हणजे परसबाग.

आणि त्या वहीत शेतांची नावं असतात. याला तिकडे ल्यू-दी म्हणतात, शब्दशः "म्हटलेली जागा". माझ्या मते फ्रेंच गावाचा सगळ्यात मोठा वारसा हाच आणि याचं तिकीट नाही, पाटी नाही, रिनोव्हेशन नाही. ला ज्यूस्तीस नावाची टेकडी दिसली की समजायचं तिथे जमीनदाराचा फाशीचा खांब होता, म्हणून ती गावाबाहेर आणि रस्त्यावरून दिसेल अशी. ला मालाद्रेरी म्हणजे कुष्ठरोग्यांची वस्ती. लेझ एस्सार म्हणजे जंगल तोडून काढलेली शेती, बहुतेक मध्ययुगातली. ला गारेन म्हणजे ससे राखायची जागा, तो हक्क जमीनदाराचा आणि ससे मात्र शेतकऱ्याचं पीक खाणार. लेझ ऊश म्हणजे घरालगतची सुपीक बंदिस्त जमीन. ला त्युइलरी म्हणजे कौलं भाजायचा कारखाना, तिथे गेलात तर मातीचा खड्डा अजून सापडतो कधीकधी. आणि ले विन्य नावाच्या शेतात आज मका उभा असेल तर फिलॉक्सेरा आठवा, १८६० च्या दशकात दक्षिणेत गार (Gard) नावाच्या जिल्ह्यात हा कीडा पहिल्यांदा लक्षात आला आणि पुढच्या काही दशकांत देशभरातले द्राक्षमळे मुळातून वाळले, अमेरिकन खुंटावर कलम करून दारूच्या मोठ्या भागांनी सावरून घेतलं पण साध्या गावांनी पुन्हा वेली लावल्याच नाहीत, नाव तेवढं राहिलं. दहा-बारा नावं कागदावर उतरवून घ्या आणि गावात फिरताना ती शोधा.

वेळ उरला तर अभिलेखागाराच्याच साइटवर शाळामास्तरांनी लिहिलेली गावाची माहिती आहे का बघा. १८८९ आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांच्या निमित्ताने बऱ्याच जिल्ह्यांत मास्तर लोकांना आपापल्या गावावर वही लिहायला सांगितली होती, काहींनी काय सुंदर अक्षरात लिहिलीय, पिकं, मजुरी, विहिरी, लोक काय खातात, मुलं शाळेत का येत नाहीत. सगळ्या जिल्ह्यांच्या ऑनलाइन नाहीत पण मिळाली तर घबाड.

पोचणं आणि राहणं

यात फार लिहिण्यासारखं नाही. जवळच्या शहरापर्यंत टीईआर, म्हणजे प्रादेशिक ट्रेन, पुढे गाडी भाड्याने घेतलीत तर उत्तम. गाडी नसेल तर बऱ्याच भागात मागणीनुसार येणारी मिनीबस असते, पण ती आदल्या दिवशी फोन करून बुक करावी लागते, स्टॉपवर जाऊन उभं राहिलात तर कोणीही येणार नाही. राहायला जीत, म्हणजे भाड्याचं गावातलं घर, किंवा शेतकऱ्याच्याच घरातली खोली. जीतची कल्पना १९५० च्या दशकात आलीच मुळी रिकामी पडणारी शेतघरं वाचवायला आणि शेतकऱ्याला जोडउत्पन्न द्यायला. किमान तीन रात्री राहा, एका दिवसात गाव दिसतं, कळत नाही. दुपारी १२ ते २ सगळं बंद, रविवार दुपार बंद, सोमवारी बहुतेक दुकानं बंद, त्यामुळे पाव आणि दूध आधी घेऊन ठेवा.

गावात पाय ठेवल्यावर

रस्त्यात जो भेटेल त्याला "बोंजूर" म्हणायचं. दुकानात शिरताना, कॅफेत शिरताना, अंगणात बसलेल्या आजीला, ट्रॅक्टरवरच्या माणसाला. हे शिष्टाचार म्हणून नाही सांगत, त्या एका शब्दाशिवाय पुढचं एकही दार उघडत नाही, आणि तो म्हटला की लोक स्वतःहून विचारतात कुठून आलात, काय बघताय.

मग मेअरी, म्हणजे पंचायतीचं ऑफिस. छोट्या गावात ते आठवड्यातून दोन-तीन वेळा काही तासच उघडं असतं, वेळा दारावर आणि साइटवर लिहिलेल्या असतात, फोन करून जा. मी एकदा न विचारता गेलो, बंद, दुसरा दिवस सुट्टीचा, आणि ज्यासाठी एवढ्या लांब आलो ते चर्च आतून न बघताच परतलो, त्याचं मला अजून वाईट वाटतं. कारण चर्चची किल्ली बहुतेक मेअरीत असते नाहीतर समोरच्या घरात कोणाकडे तरी. यामागे कारण आहे, १९०५ च्या कायद्याने चर्च आणि सरकार वेगळं झालं आणि त्याआधी बांधलेली गावची चर्चं कम्यूनच्या मालकीची झाली, म्हणजे छप्पर गळलं तर दुरुस्ती त्या ३०० माणसांच्या पंचायतीने करायची. म्हणूनच दारात दानपेटी दिसली तर काहीतरी टाका. २०१८ पासून वारसा लॉटरी सुरू झालीय तिच्यातून काही चर्चना पैसे मिळतात पण सगळ्यांना कुठून पुरणार.

मेअरीच्या इमारतीकडेही बघा जरा. मधे ऑफिस आणि दोन बाजूंना दोन दारं, एकावर "गार्सों" आणि दुसऱ्यावर "फीय", मुलगे आणि मुली, दगडात कोरलेलं. १८८१-८२ च्या कायद्यांनी शिक्षण फुकट आणि सक्तीचं केलं तेव्हा गावोगाव अशा जोड इमारती झाल्या, मास्तरच पंचायतीचा कारकून असायचा.

स्मृतिस्तंभ

जवळपास प्रत्येक गावात एक असतो, मेअरीसमोर नाहीतर चर्चजवळ, बहुतेक १९२० ते १९२५ मधले. फोटो काढून पुढे जाऊ नका, इथे थांबा. नावं मोजा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे १३ लाखांहून जास्त सैनिक गेले आणि त्यात शेतकऱ्यांची पोरं फार. ४०० वस्तीच्या गावात २० नावं असतात, एकच आडनाव दोनदा, तीनदा येतं.

आता हे करा, वेळ लागतो पण करा. नावांचा फोटो घ्या, रात्री खोलीवर बसून संरक्षण मंत्रालयाच्या "मेम्वार देझ ओम" या साइटवर एकेक नाव टाका, प्रत्येक सैनिकाचं कार्ड स्कॅन केलेलं आहे, जन्म कुठे, कुठली तुकडी, कुठे आणि कधी गेला. मग अभिलेखागाराच्या साइटवर गावाची १९११ ची जनगणना उघडा, घरनिहाय नावं आणि धंदा लिहिलेला असतो, कोणी स्वतःच्या जमिनीचा शेतकरी, कोणी रोजंदारी, कोणी दुसऱ्याच्या शेतावर राहणारा गडी, आणि त्यानंतर १९२१ ची उघडा, १९१६ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. तेच घर शोधा. आई-बाप, तीन मुलगे असं जिथे होतं तिथे १९२१ मध्ये विधवा एकटी, किंवा घरच यादीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरासमोरून चालत जाल तेव्हा ते घर वेगळं दिसतं, एवढंच सांगतो. क्रूझ भागात जांतियू नावाचं गाव आहे तिथला स्तंभ १९२२ चा, त्यावर सैनिक नाही, शाळेच्या झग्यातला एक अनाथ मुलगा आहे, एका हातात टोपी, दुसरा हात मूठ वळून पुढे केलेला, आणि खाली "धिक्कार असो युद्धाचा" अशा अर्थाची ओळ. वाट वाकडी करून जाण्यासारखी जागा आहे.

धुणं, भट्टी, दारं

लाव्वार म्हणजे धुणं धुवायची सामायिक जागा. झऱ्याचं पाणी दगडी हौदात, वर छप्पर, हौदाच्या कडेला आतल्या बाजूने उतरते दगड. १८५१ मध्ये सरकारने लाव्वार बांधायला अनुदान द्यायचा कायदा केला, कॉलरा आणि टायफॉइडची भीती होती, स्वच्छ पाणी हवं होतं, म्हणून १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव ते बांधले गेले. बघताना वरच्या छपराकडे बघण्याआधी त्या उतरत्या दगडाकडे बघा, हात फिरवा. मधला भाग गुळगुळीत आणि किंचित खोलगट असतो, दोन खोलगट जागांमधे एक हाताचं अंतर, म्हणजे तिथे एकेक बाई गुडघ्यावर बसायची, पुढे थापी, शेजारी पेंढा भरलेली लाकडी पेटी गुडघ्याखाली घ्यायला. मोठं धुणं वर्षातून दोन-तीनदाच निघायचं, घरी मोठ्या पिपात चादरी रचायच्या, वर लाकडाच्या राखेचा थर, त्यावर गरम पाणी पुन्हा पुन्हा ओतायचं आणि मग ढीग इथे आणून थापीने बडवून खळबळून काढायचा. ज्या घरात वर्षभर चादरी पुरतील एवढं कापड होतं ते घर खाऊनपिऊन सुखी. बरगंडीत एका लाव्वारजवळ भेटलेल्या आजी मला म्हणाल्या की त्यांची आई हिवाळ्यात बर्फ फोडून धुवायची आणि हात फुटून रक्त यायचं, लोक आता इथे कुंड्या ठेवून फोटो काढतात ते बघून त्यांना कसंतरी होतं. तेव्हापासून मला लाव्वार नुसता गोड दिसत नाही.

पावाची भट्टी सापडली तर ती कोणाची होती ते विचारा. फ्रेंच राज्यक्रांतीआधी जमीनदाराची भट्टी, जमीनदाराची चक्की, आणि गावाने तिथेच दळायचं-भाजायचं आणि मोबदला द्यायचा अशी सक्ती असायची, ती क्रांतीत गेली, १७९३ मध्ये तर नुकसानभरपाईशिवाय. त्यानंतरच्या भट्ट्या गावाच्या किंवा वाडीच्या सामायिक. काही गावांत वर्षातून एकदा ती अजून पेटवतात, त्या दिवशी गेलात तर नशीब. कबुतरखान्याचंही तसंच, आतल्या भिंतीत शेकडो खोपे, बऱ्याच भागांत तो ठेवायचा हक्क जमीनदाराचा होता, ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री रद्द झाला, आणि कबुतरं मांसापेक्षा विष्ठेसाठी महत्त्वाची कारण द्राक्षांना तसलं खत दुसरं नव्हतं.

घरं बघताना दाराच्या वरचा आडवा दगड बघायचा. त्यावर साल कोरलेलं असतं, कधी आद्याक्षरं, कधी धंद्याची खूण. खिडक्या फार कमी आणि बारीक असतील तर १७९८ ते १९२६ पर्यंत दारं-खिडक्यांवर कर होता हे लक्षात घ्या, बुजवलेल्या खिडकीची चौकट भिंतीत स्पष्ट कळते. पश्चिमेकडे लांबट एकमजली घर, माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली, उत्तरेत मधे चौक आणि चारी बाजूंनी इमारती, ज्युरातल्या डोंगरात घराच्या मधोमध खोलीएवढं मोठं धुराडं, त्याला त्युये म्हणतात, त्यात सॉसेज आणि हॅम टांगून धुरी द्यायची. आणि चौकात कुठे चार लाकडी किंवा दगडी खांब आणि वर आडवे दांडे अशी चौकट दिसली, तर ती बैलांच्या खुरांना पत्री ठोकायची चौकट. बैल तीन पायांवर उभा राहू शकत नाही म्हणून त्याला पट्ट्याने उचलून बांधायचे. दगडी खांब असतील तर पट्टा जिथे घासायचा तिथे अजून वळ दिसतात.

अजून चालू असलेल्या गोष्टी

वारसा म्हणजे सगळं बंद पडलेलं असं नाही. ज्युरात कोंते चीज बनवणाऱ्या गावच्या सहकारी डेअरीला फ्रुइतिएर म्हणतात, ही पद्धत १३ व्या शतकापासूनची, कारण साधं आहे, ४० किलोचं एक चाक करायला ४०० लिटर दूध लागतं, ते एका घरात कधीच निघणार नाही म्हणून गावाने दूध एकत्र करायचं. आजही अशा सुमारे १४० फ्रुइतिएर आहेत, प्रत्येकीने दूध २५ किलोमीटर व्यासाच्या आतूनच घ्यायचं, गायी फक्त मोंबेलियार्द किंवा फ्रेंच सिमेंटाल, दूध न तापवलेलं, कढई तांब्याची, आणि चीज किमान चार महिने मुरवायचं. बऱ्याच ठिकाणी काचेतून बघता येतं, पण सकाळी लवकर जा, नऊनंतर फक्त धुणं-पुसणं बघायला मिळेल. हिवाळ्यातलं आणि उन्हाळ्यातलं कोंते दोन्ही मागून खा, उन्हाळ्यातलं पिवळं कारण गायी हिरव्या कुरणावर असतात. कुठलीही पाटी न वाचता जीभच सांगते की गवत बदललं.

ओब्राकमध्ये मेच्या शेवटी, २५ मेच्या आसपास, गायी फुलं-झेंडे-घंटांनी सजवून पठारावर नेतात. जनावरं ऋतूप्रमाणे हलवायची ही परंपरा २०२३ पासून फ्रान्सच्या नावानेही युनेस्कोच्या यादीत आहे. गर्दी होते पण बघाच, आणि वर पठारावर उन्हाळ्यात चीज करणाऱ्यांच्या दगडी झोपड्या, ब्युरों, त्यातल्या काही ठिकाणी आलिगो, म्हणजे बटाटा आणि ताजं चीज घोटून केलेला पदार्थ, खायला मिळतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या वीकेंडला देशभर वारसा दिवस असतात, १९८४ पासून, तेव्हा एरवी बंद असलेल्या चक्क्या, भट्ट्या, वाडे उघडतात. पण मला विचाराल तर गावाच्या संताच्या जत्रेला जा, लांब टेबलं, सामायिक जेवण, बाहेरच्या माणसालासुद्धा तिकीट घेऊन बसता येतं, फक्त चार-पाच दिवस आधी नाव द्यावं लागतं.

सांभाळायच्या गोष्टी

कुरणाचं फाटक जसं होतं तसं ठेवा, बंद असेल तर बंद. डोंगरात मेंढ्यांच्या कळपाबरोबर पातू नावाचे मोठे पांढरे कुत्रे असतात, ते राखण करतात, त्यांना हात लावू नका, पळू नका, सायकलवरून उतरा आणि कळपाला लांबून वळसा घाला. शरद ऋतूपासून हिवाळ्यात शिकार चालू असते, "शास आं कूर" असा बोर्ड दिसला तर त्या जंगलात शिरायचं नाही आणि एरवीही भडक रंगाचं जॅकेट घाला. मशरूम दिसले म्हणून तोडायचे नाहीत, ते जमीनमालकाचे. मेटल डिटेक्टर घेऊन शेतात जुनी नाणी शोधायला परवानगी लागते, ती नसेल तर गुन्हा आहे.

आणि पहाटे कोंबडा आरवला, चर्चची घंटा वाजली, शेणाचा वास आला तर तक्रार करू नका. ओलेरों बेटावर मोरिस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी केस केली होती, २०१९ मध्ये कोर्टाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला, आणि जानेवारी २०२१ मध्ये कायदाच झाला की गावाकडचे आवाज आणि वास हाही वारसा आहे. मला हा कायदा फार आवडतो, कारण शेतीचं गाव म्हणजे नुसत्या भिंती नाहीत हे त्यात सरळ लिहिलंय.

माणसांशी बोलणं

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. "तुमच्या गावाच्या वारशाबद्दल सांगा" असं विचारलंत तर लोक चर्चकडे बोट दाखवतात आणि संपलं. नेमकं काहीतरी घेऊन जा. १९०० ते १९१४ च्या काळात अगदी छोट्या गावांचीही पोस्टकार्डं छापली जायची, अभिलेखागाराच्या साइटवर ती मिळतात, दोन-तीन प्रिंट काढून न्या आणि कॅफेत टेबलावर ठेवा. हे कुठलं घर, ही बाई कोण असेल, इथे आधी दुकान होतं का. पाच मिनिटांत दोन माणसं वाकून बघायला लागतात आणि तिसरा घरी जाऊन डबा घेऊन येतो फोटोंचा. नाहीतर तुमच्या कागदावरची शेतांची नावं वाचून दाखवा, तुमचे उच्चार चुकतील, ते सुधारतील, स्थानिक बोलीत म्हणून दाखवतील, आणि मग हमखास एखादं असं नाव निघतं जे नकाशावर कुठेच नाही, फक्त त्या घरात म्हटलं जातं.

ते नाव लिहून घ्या, कुठलं शेत, कोणत्या बाजूला, कोणी सांगितलं, परवानगी विचारून. परत आल्यावर फोटो आणि ती यादी साफ टाइप करून मेअरीच्या पत्त्यावर पाठवा, ईमेल नको, कागदावर पाठवा. मी तीन गावांना पाठवली, एका गावातून उत्तर आलं, सोबत त्यांनी यादीत स्वतःच्या हाताने चार नावं वाढवून पाठवली होती.